पितळी चौकटीतलं तळं

वन्सं, आधीच सांगते, ऱ्हस्वदीर्घ पाहू नका आणि अक्षराला हसू नका. मी शिकले चौथीपर्यंत, तीही तमिळ शाळेत. तिथे क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे आपलं मराठी लिहायला बसले की हात अडखळतो. बालबोध अक्षरं बाबांनी पोथी पुढे ठेवून गिरवून घेतली होती, त्यालाही किती वर्षं झाली. माझी ओळ खाली खाली घसरत जाते. तुम्ही पाहिली असतीत तर म्हणाला असतात, "गोदे, ही ओळ आहे की अरसलार नदीचा उतार?"

बोलायला कोणी उरलं नाही म्हणून लिहिते आहे. तुम्ही आषाढात गेलात, कावेरीला नवं गढूळ पाणी आलं त्याच आठवड्यात. तेव्हापासून या घरातलं मराठी निम्म्याहून कमी झालं. हे दिवसभर मुन्सफाच्या कोर्टात तमिळ बोलतात आणि तीच जीभ घेऊन घरी येतात. ताकसुद्धा तमिळमध्ये मागतात. मी उत्तर आपल्या भाषेत देते, ते त्यांना चालतं, पण त्यातून गप्पा काही होत नाहीत. सकाळी मी चौकात तुमच्या काचेच्या पेटीपुढे बसते आणि माशांशी बोलते. "काय रे, आज खालीच का बसलास? ऊन बघ किती छान आलंय." ते तोंड उघडतात आणि मिटतात. परवा हे मागून आले. "कोणाशी बोलतेस?" म्हणाले. मी म्हटलं, "कोणाशी नाही."

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले आणि झोपाळ्यावर बसून यांनी विषय काढला. "पलीकडच्या रस्त्यावरचे वकील ती पेटी मागताहेत. अक्काकडे माझे अकरा रुपये राहिलेत, तेवढे ते देतील. पेटी जाईल आणि उसनंही मिटेल." हसत म्हणाले. तुमच्या उसन्याबद्दल ते नेहमी हसतच बोलायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. "आमच्या अक्काने कर्ज काढून मासे पाळलेत." तुम्ही तेव्हा पदर पुढे ओढून आत निघून जायचात.

तुम्हाला माहीत आहे, यांच्यासमोर मी कधी 'पण' म्हटलेलं नाही. त्या दिवशी दाराआडून म्हटलं, "पण त्या स्वतः फेडणार होत्या."

"आता कशी फेडणार?"

"नवरात्र येतंय. दसऱ्यापर्यंत थांबा. त्यांच्या वतीने मी फेडते."

झोपाळा थांबला. "तू? चार परक्या घरी स्वतः तोंड उघडून पैसे मागशील?" मग पायाने झोपाळा पुन्हा हलवला आणि म्हणाले, "बरं. दसऱ्यापर्यंत."

आत जाऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले. दसऱ्यापर्यंत अकरा रुपये झाले नाहीत तर तुमची पेटी वकिलांच्या ओट्यावर जाणार होती. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही घेतलेलं उसनं दुसऱ्याच कोणी फेडलं, असं होणार होतं.

ते उसनं कसं घेतलंत हे तुम्हाला काय सांगायचं, पण मला ते पुन्हा आठवायचं आहे. मद्रासला तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात आणि समुद्रकाठचं ते सरकारी मासेघर पाहून आलात. डॉक्टर काय म्हणाला ते कोणाला सांगितलंच नाहीत. आल्या आल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला म्हणालात, "भिंतीत काच, आणि काचेमागे समुद्र. पण गोदे, ते सगळे खाऱ्या पाण्याचे. रंगीत आहेत, पण डोळे किती रागीट! आपल्या कालव्यातले का कोणी ठेवत नाही? गवतासकट, वाळूसकट. कालव्याचा एक तुकडा कापून चौकात आणून ठेवावा तसा."

नवव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आलेल्या तुम्ही. घाटावर इतर बायका येण्याआधी जायचं आणि त्या आल्या की परतायचं, हा तुमचा रोजचा नेम. पाण्यात काय चालतं ते त्या वेळी तुम्ही पाहत असणार. मला कधी विचारायचं सुचलं नाही.

यांच्याकडे गेलात आणि उभ्याउभ्याच म्हणालात, "बाळू, मला चाळीस रुपये उसने दे."

"उसने कशाला, अक्का? तू कुठून फेडणार? असेच घे."

"असेच नको. जेवणाला मी मिंधी आहेच. याला नाही व्हायची."

चौकट नाचियार्कोविलला समया ओतणाऱ्या कारागिराकडून करून घेतलीत. त्याने माप दोनदा विचारलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "अम्मा, यात वात कुठे लावायची?" काच मद्रासहून रेल्वेने पेंढ्यात गुंडाळून आली. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून फटी आपण दोघींनी भरल्या आणि आठवडाभर हाताचा तेलकट वास गेला नाही.

मग परसात बसून काडीने मातीत नकाशा काढलात. मागे उंच पट्टीसारखी पाती, कोपऱ्यात केसाळ शेवाळ, पुढे मोकळी वाळू. "लपायलाही पाहिजे आणि हिंडायलाही पाहिजे. माणसाला लागतं तेच." खाली दोन बोटं शेतातला गाळ, वर नदीची वाळू, सात पाण्यांनी धुतलेली. मध्ये तुम्ही आरैकीरै लावायला निघालात. मी म्हटलं, "वन्सं, ती तर भाजी आहे." तुम्ही म्हणालात, "मग काय झालं? चार दिवस शोभा, पाचव्या दिवशी डाळीत." त्या दिवशी किती हसलो आपण.

मासे धरायला उन्हाळ्यात गेलो. कावेरीचं पाणी बंद झालं होतं, कालव्यात डबकी उरली होती आणि दोन-चार दिवसांत तीही आटणार होती. तुमचं जुनं लाल आलवण आपण दोघींनी दोन टोकांनी धरलं. कोणते घ्यायचे ते तुमचं आधीच ठरलेलं होतं. डोक्यावर चांदीचा ठिपका असतो ते, पाण्याच्या अगदी वर राहतात, म्हणून माडीवर. छोटे केंडै मधल्या घरात. तळाशी वाळू चिवडत बसणारी अयिरै तळघरात. "मजले वेगळे असले की भांडण नाही." विरालाची तांबडी पिल्लं दिसायला गोजिरवाणी, ती मी घेऊया म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मोठी झाली की घर खाऊन टाकतील." आणि एक गोष्ट बजावून सांगितलीत. कोणत्याही जातीचा एकच मासा आणायचा नाही. चार-पाच तरी हवेत. "एकटा ठेवला की तो कोपऱ्यात उभा राहतो आणि खात नाही."

ते वाक्य आता फार वेळा आठवतं.

परत येताना समोरची मामी ओट्यावरून ओरडली, "काय हो, मराठी ब्राह्मणांच्या घरात मासे? तळणार कधी?" तुम्ही न थांबता म्हणालात, "तेल तुम्ही आणा, मग बघू."

आणि मग मासे मरायला लागले. आपल्या घरात पारोसं पाणी ठेवायची रीत नाही. पहाटे प्रत्येक भांडं ओतायचं, चिंच-राखेने घासायचं, विहिरीचं ताजं भरायचं. पेटीलाही आपण तेच केलं. रोज तांब्या-तांब्याने सगळं पाणी उपसायचं, काच पुसायची, घागरीवर घागर ओतायची. स्वच्छ राहिलं तर जगतील अशी आपली समजूत. रोज एकदोन पोट वर करून तरंगायचे. तुम्ही केळीच्या पानाच्या तुकड्यावर त्यांना परसात नेऊन पुरायचात आणि त्या दिवशी दुपारचं जेवायचा नाहीत. पाती पिवळी पडली. शेवटी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला साकडं घालायला गेलात आणि तिथल्याच आत्याबाईंकडे चार दिवस राहिलात. नेमकी त्याच दिवशी मी बाजूला बसले. मला पाण्याला शिवता येईना, आणि हे तर पेटीकडे बघतही नसत. चार दिवस पाणी तसंच.

तुम्ही आलात. पेटीपुढे उभ्या राहिलात. एकही मेला नव्हता. पातीला पोपटी कोंब आला होता.

"विनायक पावला गं!"

मी कोपऱ्यातूनच म्हटलं, "पाणी बदललं नाही म्हणून जगले."

"चार दिवसांच्या पारोशा पाण्यात?"

"नदीला रोज कोण घासतं, वन्सं?"

दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे घागर भरून आणलीत, पेटीपाशी उभ्या राहिलात आणि अर्धीच ओतलीत. त्यानंतर पेटी कधी रिकामी झाली नाही. पण शेवटपर्यंत तुमचं म्हणणं विनायक आणि माझं म्हणणं पाणी. हा वाद मिटला नाही. हल्ली तुमची बाजूही मीच मांडते, आणि तुमच्यासारखी ती मला मांडता येत नाही.

खाण्याचंही तसंच. भाताच्या शितांनी पाणी नासायचं. डासांच्या अळ्यांवर ते तुटून पडतात हे तुम्हाला माझ्याआधी दिसलं होतं, पण जीव घेऊन जीव पोसायला हात होईना. मग पेटीवरचं फडकं तुम्ही संध्याकाळी काढून ठेवायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "डास आपल्या पायाने आले तर मी काय करू?" आणि एकादशीला शीतही नाही, फडकंही काढायचं नाही. "या घरात राहतात, तर या घरासारखे राहतील." दुसऱ्या दिवशी पाणी जास्त नितळ दिसायचं, हे मात्र मी मान्य करते. तेव्हा केलं नव्हतं.

फेडायचं कसं हे तुम्हाला पहिल्या नवरात्रात सुचलं. घरोघर कोलूच्या पायऱ्या मांडतात, बाहुल्या बसवतात, पुढे वाळूचं गाव करतात आणि गावात तळं म्हणून आरशाचा तुकडा ठेवतात. तुम्ही म्हणालात, "आरसा कशाला? खरं तळं देऊ." रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत गाळ, वाळू, दोन रोपं, चार इवले मासे. ज्या घराचा कोलू जसा तसं तळं. कृष्णाच्या बाहुल्या असतील तिथे कमळाचं कोवळं पान, लग्नाच्या वरातीच्या असतील तिथे मोकळं पाणी. नऊ दिवसांसाठी एक बरणी भाड्याने, दसऱ्यानंतर परत आणायची.

पण हळदीकुंकवाच्या घरात तुम्हाला जाता येत नव्हतं. बरण्या घेऊन मीच जायची, आणि मला तर उंबऱ्यावर उभं राहूनही घाम फुटतो. शिवाय तुमची सक्त ताकीद, "मी लावलंय हे सांगू नकोस. कोलूपुढे कोणी ठेवणार नाही. गिऱ्हाईक जाईल." बायका विचारायच्या, "कोणी लावलं गं इतकं सुंदर?" मी मान खाली घालून हसायची. त्या समजायच्या मीच. कुंकू लावताना हळूच विचारायच्या, "अजून काही नाही का?" मी घरी यायची तेव्हा तुम्ही मागच्या दारात वाट पाहत असायचात आणि पहिला प्रश्न, "केंडै वर आले का बरणी ठेवल्यावर? दिवा कोणत्या बाजूला होता?" मी सगळं सांगायची. कोणाच्या पायऱ्या किती, राम कुठे, तळ्यात दिव्याचं प्रतिबिंब कसं पडलं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. त्या बायकांचा तो 'अजून काही नाही का?' तुम्ही मला कधी विचारला नाहीत. मूल नाही म्हणून या घरात मला बोल लागला नाही तो तुमच्यामुळे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. एवढं साधं वाक्य इतक्या वर्षांत तोंडातून बाहेर आलं नाही.

यंदा आपल्या घरी नवरात्र नव्हतं. मी एकटीने वाळू धुतली. तुमच्या हातची जी पाती पेटीत पसरली आहेत तीच मुळासकट काढून बरण्यांत लावली. पहिल्यांदा उंच झाली, पाण्याबाहेर वाकली, तेव्हा पुन्हा कातरून लावली. मासे धरायला आलवणाचं दुसरं टोक धरणारं कोणी नव्हतं. ते बाभळीच्या काटेरी फांदीला बांधलं आणि एक टोक मी धरलं. फार थोडे मिळाले. तरी प्रत्येक बरणीत तीन-चार बसले, एकटा कोणी ठेवला नाही.

बाकीच्या सगळ्या घरांतून मिळून निम्मे पैसे झाले असते. उरलेले निम्मे एकाच घरचे, अग्रहारातल्या मोठ्या मामींचे. त्यांच्या पायऱ्या सगळ्यांत उंच, त्यांना दरवर्षी तीन बरण्या लागतात आणि त्या हात राखून देत नाहीत. मी बरण्या वाळूच्या गावात बसवल्या. मुलं पालथी पडून पाहायला लागली. मामी कौतुकाने म्हणाल्या, "दरवर्षीपेक्षा सुंदर! कोणी लावलं गं?"

दरवर्षीसारखी मान खाली घातली. हसू मात्र येईना. वन्सं, मी तुमची ताकीद मोडली. म्हटलं, "माझ्या वन्संनी. दरवर्षी त्याच लावायच्या. यंदाचीही रोपं त्यांच्याच हातची. त्या आषाढात गेल्या."

मामींचा हात कुंकवाच्या करंड्यावर होता तिथेच राहिला. त्यांनी आपल्या पायऱ्यांकडे पाहिलं, वरच्या कलशाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेले. पैसे गेले, पेटी गेली.

"हे आधी कधी का नाही सांगितलंस?"

"त्या नको म्हणायच्या."

"शहाणी होती," मामी म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "हे बघ, रागावू नकोस. मुलांनी पाहिलंय, आता परत नेलंस तर रडून घर डोक्यावर घेतील. पण पायऱ्यांपुढे नको. बाहेर तिण्णैवर ठेव."

मी तिन्ही बरण्या उचलून बाहेरच्या ओट्यावर नेल्या. रस्त्याने जाणाऱ्यांच्या समोर, खांबाच्या कडेला. पाणी हिंदकळून माझं लुगडं भिजलं. डोळ्यांतून येत होतं ते त्यात खपून गेलं.

तिसऱ्या दिवशी पाणी बघायला गेले. आत गाणी चालली होती. तिण्णैवर बरण्यांपुढे मामींच्या सासूबाई, म्हाताऱ्या पाट्टी, बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. नवरात्रात त्या मागच्या खोलीतून बाहेर येत नाहीत. त्यांच्या शेजारी गल्लीतल्या आणखी दोघी तशाच. हळदीकुंकवाला ज्या आत जात नाहीत त्या. एकीने बरणीच्या मागे पणती धरली होती. पाट्टींनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"ए मुली, तळाला चिकटून बसलेला तो मेलाय का?"

"नाही पाट्टी. अयिरै तशीच राहते."

"दोन दिवस बघतेय, हलत नाही."

"हलते. आपण बघत नसलो की हलते."

"लबाड आहे," त्या म्हणाल्या आणि तिघी हसल्या. मग विचारलं, "लावणारीचं नाव काय होतं?"

मी तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं, वन्सं. वन्सं सोडून दुसरं काही म्हटलंच नव्हतं. म्हटलं, "तुळजाबाई." पाट्टींनी ते आपल्या तमिळ जिभेने दोनदा घोळवलं. कोणीही मला कुंकू लावलं नाही, काही विचारलं नाही. मी त्यांच्याजवळ बराच वेळ बसले. घरी येताना मनात एकच, हे सगळं कोणाला सांगायचं? मागचं दार लोटलेलं होतं.

दसऱ्याला मामींनी पैसे पाठवले, दरवर्षीइतकेच. बाकीच्या घरांचे मी जमवून ठेवले होते. संध्याकाळी हे झोपाळ्यावर बसले होते. मी सगळे रुपये-आणे रुमालासकट त्यांच्या शेजारी ठेवले.

"हे काय?"

"वन्संचे. अकरा."

ते हसले नाहीत. रुमालाला हात न लावता म्हणाले, "राहू दे गं. तू एवढी फिरलीस. आता कशाला? पेटी ठेव तू, वकिलांना मी नाही म्हणून सांगतो."

किती सोपं होतं ते घेणं. मी म्हटलं, "त्यांनी उसने घेतले होते. उसने घेतलेले परत घ्या. आणि मोजून घ्या."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुमाल मांडीवर ओढला. परक्या माणसाकडून घ्यावेत तसे, एकेक नाणं उजेडात धरून, मांडीवर रांग लावत मोजले. घाई केली नाही. शेवटचा आणा ठेवला आणि कितीतरी दिवसांनी आपल्या भाषेत, माझ्याकडे न बघता, चौकातल्या पेटीकडे बघून म्हणाले, "अक्का, पोचले. सगळे पोचले."